लाल लाळेरं

जनाबियाला जाताना विश्वजीत मागच्या सीटवर आईशेजारी बसला होता. त्याच्या मांडीवर टॉवेलमध्ये गुंडाळलेला व्हीसीआर होता. गुरुप्रसादकाकांनी जपानच्या सहलीत काढलेल्या टेपची कॉपी करायची तर दोन व्हीसीआर लागतात आणि त्यांच्या घरी एकच असणार, म्हणून तो स्वतःचा घेऊन आला होता.

"कॅसेट कोरी आहे ना रे?" बाबांनी गाडी चालवता चालवता विचारलं. "मागच्या जयंतीला भाषण संपायच्या आत शारजाची मॅच सुरू झाली होती."

"कोरी आहे, काका. अजून प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही."

"बघ हां. वंदनेच्या मधी कुणी सिक्सर नको मारायला."

आई हसली. मी खिडकीबाहेर बघत राहिले. गुरुप्रसादकाकांच्या टेपवर काय काय आलं असेल, याचा विचार मी जपानहून परतल्यापासून करत होते. आवाजाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. सहलीच्या शेवटच्या दिवशी बाबा कॅमेऱ्यापासून लांब, पाठमोरे बसले होते. मी मात्र गुरुप्रसादकाकांच्या कोपराला लागून उभी होते आणि माइक कॅमेऱ्याच्या तोंडाशीच असतो. बाबांची वंदना जर टेपवर ऐकू येत असेल, तर मी जे बोलले ते त्याच्या कितीतरी पट स्पष्ट ऐकू येणार. मी हसले, तेही. वारा होता, एवढीच आशा. वारा होता हे नक्की आठवत होतं. किती होता, ते आठवत नव्हतं.

बाबा समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहेत. एम.एस्सी. झाल्यावर मी तिथल्याच लॅबमध्ये लागले. पण बहारीनमधल्या आपल्या लोकांत बाबांना कोणी प्लांटमुळे ओळखत नाही. दर शुक्रवारी सलमाबादच्या लेबर कॅम्पमधल्या मेसमध्ये वंदना होते, ती लहू गायकवाड, म्हणजे बाबा, घेतात. वेल्डर, फिटर, गॅरेजवाले, ऑफिसातले दोन-चार जण, सगळे खाली सतरंजीवर बसतात आणि बाबा त्यांना त्रिशरण-पंचशील देतात. नवीन माणूस आला की बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा, कुठल्याही देवाला पुजणार नाही यासकट, तेच म्हणून घेतात आणि त्या घेताना कोणी पुटपुटलं तर त्याला पुन्हा म्हणायला लावतात.

जपानची सहल माझ्यामुळे झाली. मनामातल्या एका ट्रॅव्हल एजन्सीचं रंगीत पत्रक मी घरी आणलं होतं. मंदिरं, बागा, चहा, सोबत इंग्रजी बोलणारी गाइड. ते प्रकरण इतकं महाग होतं, की आई म्हणाली, "एवढ्यात गावाकडच्या घरावर स्लॅब पडतो." पण बाबांनी पत्रकावरच्या नारा शहरातल्या बुद्धाकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "स्लॅब पडंल पुढं कधीतरी." ग्रुपमधले बाकीचे बहुतेक बँकेतले नाहीतर कन्सल्टन्सीतले होते. निघायच्या आधीच्या शुक्रवारी मेसमधल्या लोकांनी बाबांना मेणबत्त्यांचा पुडा आणून दिला. अश्वजितकाका, कॅम्पमधले सगळ्यात जुने वेल्डर, म्हणाले, "आमच्यानं काय येणं होत नाही. तिथं आमच्या नावानं लावा." बाबांनी तो पुडा कापडी पिशवीत ठेवला आणि जपानमध्ये ती पिशवी एकदाही खांद्यावरून उतरवली नाही.

त्या पिशवीची मला लाज वाटत होती. हे मी तिथे असतानाच जाणलं होतं. प्रत्येक ठिकाणी बसमधून उतरलं की बाबा गाइडला, ओकादाबाईंना, गाठायचे आणि विचारायचे, "बुद्धा? हिअर बुद्धा?" ओकादाबाई हसून मान हलवायच्या किंवा नाही म्हणायच्या. मग मी ओकादाबाईंच्या पिवळ्या झेंड्यामागे पुढे निघून जायचे, गुरुप्रसादकाकांच्या मेधाकाकू आणि ग्रुपमधला जयेश यांच्याबरोबर, आणि आई-बाबा मागून यायचे.

गुरुप्रसादकाकांचा व्हिला कंपाउंडच्या टोकाला आहे. मेधाकाकूंनी बटाटेवडे केले होते. त्यांची मुलगी नीला आमच्याकडे बघून "हाय" म्हणाली आणि "मम्मी, नॉट जपान अगेन!" म्हणत वर निघून गेली. जयेश आधीच सोफ्यावर पसरला होता. तो एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत अकाउंटंट आहे आणि एकटाच राहतो, त्यामुळे वडे जिथे तिथे तो.

"या काका! हीरो आले," तो बाबांना म्हणाला. "आज तुमचाच पिक्चर आहे."

"असू दे, असू दे. तू आधी सरक. काकूला बसू दे."

विश्वजीतने सगळ्यांना हात जोडले, आईने दाखवलेल्या खुर्चीवर न बसता टीव्हीसमोर गालिच्यावर बसला आणि दोन्ही व्हीसीआरच्या वायरी जोडायला लागला. तुबलीच्या एका गॅरेजमध्ये तो गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम करतो आणि शुक्रवारी बाबांच्या वंदनेला येतो. सलमाबादमध्ये पुढच्या शुक्रवारी बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम होता आणि तिथे ही कॅसेट दाखवायची होती. तसं बाबांनी सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं.

गुरुप्रसादकाकांनी रिमोट माझ्या हातात दिला. "श्रावस्ती, कॉमेंट्री तुझी. तिथे तर ही ओकादाबाईंच्या तारखा दुरुस्त करत होती."

"एकदाच," मी म्हणाले.

"दोनदा," जयेश म्हणाला. "बिचारीने झेंडा खाली टाकायचा बाकी ठेवला होता."

टेप सुरू झाली. चहाचा समारंभ आला. किमोनोतली बाई बांबूच्या कुंचल्याने हिरवा चहा घुसळत होती आणि आम्ही सगळे गुडघ्यांवर बसून पाय बधिर झालेले चेहरे करत होतो.

"बघा, जगातला सगळ्यात महाग चहा," जयेश म्हणाला. "एवढे पैसे घेतले आणि साखर मफी! चिमूटभर नाही!"

बाबा मोठ्याने हसले. मी चहाची पानं सावलीत का वाढवतात ते सांगितलं. माझा आवाज नेहमीसारखा येत होता, याचं मला आश्चर्य वाटलं.

मग क्योटोतली चढाची वाट आली. वाटेच्या कडेला दगडाच्या लहान लहान मूर्ती होत्या, मुंडण केलेल्या, डोळे मिटलेल्या, आणि प्रत्येकीच्या गळ्यात लाल कापडाचं लाळेरं बांधलेलं होतं. टेपवर बाबा ओकादाबाईंना विचारताना दिसले. ओकादाबाई सावकाश म्हणाल्या, "नॉट बुद्धा. बोधिसत्त्व. फॉर चिल्ड्रन."

"हे ऐक," बाबा विश्वजीतला म्हणाले. "बोधिसत्त्व म्हणाली. ज्यांची लेकरं गेली त्या आया ते लाळेरं बांधतात. लाल लाळेरं दिसलं की समजायचं."

विश्वजीतने मान डोलावली. तो टेपकडे फार लक्ष देऊन बघत होता.

मग नारा. बुद्ध पडद्यात मावत नव्हता. गुरुप्रसादकाकांनी कॅमेरा खालून वर नेला होता, तरी चेहरा येईपर्यंत वेळ लागला. त्या दिवशी बस उशिरा पोचली होती आणि ओकादाबाई घड्याळाकडे बघत होत्या. टेपच्या कोपऱ्यात बाबा पिशवीतून पुडा काढताना दिसले. पांढरे हातमोजे घातलेला एक माणूस पुढे आला, त्याने वाकून नमस्कार केला आणि हाताने नाही म्हणून खुणावलं. इमारत लाकडाची, आत ज्योत चालत नाही. बाबांनी पुडा परत पिशवीत ठेवला. तोवर पिवळा झेंडा दाराबाहेर पडला होता.

"तिथं धड टेकूसुद्धा दिलं नाही," आई म्हणाली.

"नियम असतो त्यांचा," बाबा म्हणाले. "पण पुढं लावल्याच की. बघ आता."

पडद्यावर लाल कमानी सुरू झाल्या. एकामागे एक, टेकडीवर चढत गेलेल्या. शेवटचा दिवस. रिमोट माझ्या हातात होता. मी फॉरवर्डचं बटण दाबलं आणि कमानी भराभरा मागे पळायला लागल्या.

"ताई, फॉरवर्ड नको," विश्वजीत म्हणाला. "कॉपीत नुसत्या रेघा येतात."

"अगं थांब, माझं येतंय आता," बाबा म्हणाले.

मी बोट काढलं.

टेकडीवरच्या एका वळणावर छोटी छोटी दगडी देवघरं आहेत. उभे दगड, त्यांवर कोरलेली अक्षरं, पुढे दोन्ही बाजूंना बसलेले दगडी कोल्हे. कोल्ह्यांच्या गळ्यात लाल लाळेरं. एका काचेच्या पेटीत कोणीतरी आधीच लावलेल्या मेणबत्त्या जळत होत्या. पडद्यावर बाबा बूट काढून, आई शेजारी पदर घेऊन, फरशीवर बसले होते. पेटीत बाबांच्या मेणबत्त्या एका ओळीत पेटलेल्या. पुड्यातल्या सगळ्या.

खोलीतले बाबा नकळत ताठ बसले. टेपवरचा त्यांचा आवाज लांबून येत होता, बारीक, पण एकेक अक्षर कळत होतं. वारा अजिबात नव्हता. विश्वजीतचे ओठ त्या आवाजाबरोबर हलायला लागले.

मग टेपवर जयेशचा आवाज आला, अगदी कानाशी. "काका कोल्ह्यापुढे काय करतायत?"

आणि माझा. "वंदना. त्यांना वाटतंय बुद्ध आहे. हे बौद्ध नाहीच, शिंतो आहे. भाताच्या देवाचं स्थान. कोल्हा त्या देवाचा निरोप्या."

"मग सांग ना त्यांना."

"राहू दे. एकदाचं होऊन जाऊ दे, नाहीतर आणखी एखादं शोधतील."

त्यानंतर माझं हसू. मी तोंडावर हात धरला असणार, कारण ते आधी दबलेलं येतं आणि मग सुटतं. त्याच्यामागे बाबांचा आवाज चालूच. कॅमेरा तेवढ्यात आमच्याकडे वळला. पडद्यावर मी होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारी.

लॅबमध्ये रीडिंग चुकलं तर आम्ही नमुना परत घेतो. मी रिमोट हातात धरून बसले होते आणि एवढंच आठवत होतं, की हा नमुना परत घेता येत नाही. टेप थांबवायला हवी होती. ती मी थांबवली नाही. पडद्यावर दुकानं आली, तांदळाचे पापड भाजणारी बाई आली, मेधाकाकू त्या बाईबरोबर फोटो काढताना आल्या.

"वडे गार होतायत," खोलीतल्या मेधाकाकू म्हणाल्या.

कोणी हात पुढे केला नाही. जयेश सोफ्यावर सरळ बसला. "काका, सॉरी हां. मी आपला असाच..."

"तू कशाला सॉरी? तू तर सांग म्हणाला होतास. ऐकलं मी."

बाबा माझ्याकडे बघत नव्हते. ते टीव्हीकडे बघून बोलत होते, मीटर बिघडल्यावर प्लांटमधल्या नवीन पोरांना कारण समजावतात तसं. "लाळेरं होतं ना. आधीच्या वाटेवरच्या मूर्तींना पण तसंच होतं. मेणबत्त्या जळत होत्या. मला वाटलं, इथं चालतंय."

त्यांच्याकडे जेवढी माहिती होती, तिच्यातून तोच निष्कर्ष निघत होता. मीही तोच काढला असता. उरलेली माहिती माझ्याकडे होती आणि ती मी जयेशला दिली.

"काका," विश्वजीत हळू आवाजात म्हणाला, "मग तो... देव होता?"

बाबांनी होकारार्थी मान हलवली. विश्वजीतने हात पुढे करून स्वतःच्या व्हीसीआरचं बटण दाबलं आणि रेकॉर्डिंग बंद केलं. मग तो एकेक वायर काढून बोटांवर गुंडाळायला लागला. गुरुप्रसादकाका म्हणाले, "अहो गायकवाड, सगळे देव शेवटी एकच. तुमचा भाव महत्त्वाचा." ते अगदी मनापासून म्हणाले. बाबांनी त्यांना हात जोडले. त्यांना काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. ते एवढंच म्हणाले, "निघतो आम्ही."

परतताना तुबलीच्या सिग्नलला बाबा म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी सांगावं लागंल सगळ्यांना."

"कशाला पण?" आई म्हणाली. "नकळत झालं. कॅसेट खराब झाली म्हणायचं."

"मेणबत्त्या त्यांच्या होत्या, कांता. प्रतिज्ञा म्हणून घेणारा मी. दुसरा कुणी असता तर मी सोडला असता का त्याला?"

विश्वजीत मागे मांडीवरच्या व्हीसीआरचा टॉवेल घट्ट करत होता.

"बाबा, मी सांगते," मी म्हणाले. "शिंतो म्हणजे काय, ते कसं वेगळं आहे, सगळं नीट समजावून सांगते. त्यांना पटेल."

बाबांनी गिअर टाकला. "नको. तुला परत हसू आलं तर?"

ते टोमणा मारत नव्हते. त्यांचा आवाज मी चांगला ओळखते. त्यांना खरंच तशी शंका वाटत होती.

बुद्धपौर्णिमेच्या शुक्रवारी सलमाबादच्या मेसमधली टेबलं भिंतीला लावून सतरंज्या घातल्या होत्या. मोठ्या पातेल्यात खीर शिजत होती. बायका कमी, आम्ही तिघी-चौघी दाराशी बसलो. मी पांढरा पंजाबी ड्रेस घातला होता. इथे मी एरवी क्वचितच येते. शुक्रवारी लॅबची शिफ्ट असते असं मी सांगत असे आणि कधी कधी ती खरंच असायची.

वंदना झाल्यावर कोणीतरी टीव्हीकडे बघून विचारलं, "दादा, पिक्चर कधी?"

बाबा उभे राहिले. "पिक्चर नाही," ते म्हणाले आणि सगळं सांगितलं. नाराला काय झालं, टेकडीवर काय होतं, कोल्हे, लाळेरं, मेणबत्त्या. मधे कुठेही आवाज खाली आणला नाही. "मी देवापुढं बसलो. तुमच्या मेणबत्त्या देवापुढं लावल्या. नकळत झालं, पण झालं. बाविसातली कुठली मोडली ती तुम्हाला माहीत आहे. मी आज परत म्हणणार आहे, तुमच्यासमोर."

मग मागच्या बाजूने अश्वजितकाका म्हणाले, "म्हणजे आमची वंदना कोल्ह्यानं ऐकली म्हणा की."

एक जण फिसकन हसला. मग दुसरा. "पंचशील घेतलं असंल कोल्ह्यानं," कोणीतरी म्हणालं. "आता कोंबडी सोडावी लागंल त्याला." सगळी मेस हसायला लागली, माना मागे टाकून, एकमेकांच्या पाठीवर थापा मारून. बाबांनी आधी तोंड घट्ट धरलं, मग तेही हसले, चष्मा काढून डोळे पुसत. आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होती. विश्वजीत हसला नाही. मी हसले नाही.

हसणं ओसरल्यावर अश्वजितकाका डोळे पुसत म्हणाले, "पण दादा, पोरगी होती ना संगं? एवढी शिकलेली. तिनं नाही सांगितलं?"

बाबांनी चष्मा परत लावला. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "ती पुढं गेली होती. झेंड्याच्या मागं."

बाकी सगळ्या दिवशी ते खरं होतं. त्या एका ठिकाणी मी पुढे गेले नव्हते. विश्वजीतने मान खाली घातली आणि सतरंजीच्या दशा ओढायला लागला. पुढच्या रांगेतला एक जण म्हणाला, "हां, मग बरोबर," आणि खिरीचे पेले मांडायला कोणीतरी उठलं. मी आणखी थोडं थांबले असते, तर विषय तिथेच संपला असता.

मी उभी राहिले. आईने माझी ओढणी धरली, मग सोडली.

"मी पुढे नव्हते," मी म्हणाले. "मी तिथेच होते."

पातेल्याजवळ भांडी वाजत होती. पहिल्या दोन रांगांतल्या माना वळल्या, बाकीचे आपसात बोलत राहिले. अश्वजितकाकांनी कानाला हात लावला.

"काय म्हणते पोरगी? मोठ्यानं बोल, बाई. इकडं मागं काही ऐकू येत नाही."

बाबांनी हाताने भांडी वाजवणाऱ्याला थांबवलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी पहिल्यापासून सुरुवात केली. मला काय काय माहीत होतं, ते मी कोणाला सांगितलं आणि कोणाला सांगितलं नाही. मागच्या भिंतीपर्यंत पोचेल इतक्या मोठ्याने.